सासूबाईंच्या जपाच्या वह्या आणि राहिलेले आठ लाख

माणगंगा

नमस्कार. या विभागात मी आजवर केवळ वाचक होते. पहिल्यांदाच धागा काढते आहे, आणि प्रश्न घरगुती असला तरी इथल्या जाणत्यांनी तो मनावर घ्यावा अशी विनंती आहे.

माझे सासर माण तालुक्यातले, दहिवडीजवळचे. गोंदवले आमच्या गावापासून इतके जवळ आहे की तिथे जाण्याला आमच्याकडे कोणी ‘यात्रा’ म्हणत नाही, ‘जाऊन येते’ एवढेच म्हणतात. सासूबाईंनी गोंदवल्याचे, म्हणजे तिथल्या ब्रह्मचैतन्य महाराजांच्या परंपरेतले, नाम घेतले होते आणि ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरी जप त्या रोज तेरा माळा करीत. मागच्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या फडताळातून रेघांच्या अकरा वह्या निघाल्या. प्रत्येक पानावर तीन रकाने आहेत, तिथी, माळा आणि एकूण. गुढीपाडवा २००४ ही पहिली नोंद आणि फाल्गुन २०२४ ही शेवटची. एक माळ म्हणजे शंभर, असा हिशेब त्यांनी वीस वर्षे धरलेला दिसतो. शेवटच्या नोंदीसमोर ‘एकूण’ या रकान्यात ९१,६४,३०० हा आकडा आहे.

रकान्यांच्या कडेला बारीक अक्षरात शेरे आहेत. ‘दाढ काढली, मनात केला.’ ‘लाइट नाही, तरी १३.’ ‘पाहुणे, ४ झाल्या, ९ उद्या.’ दुसऱ्या दिवशी खरोखरच बावीस माळांची नोंद आहे. काही दिवशी नुसते शून्य घातले आहे आणि त्यापुढे कारणही लिहिलेले नाही.

आमच्या घरात असे धरले जाते की सासूबाईंचा संकल्प एक कोटीचा होता. थोरल्या नणंदबाईंचे म्हणणे असे की उरलेला ८,३५,७०० जप सुनेने पूर्ण करावा, म्हणजे आईंचा संकल्प अर्धवट राहणार नाही. मला त्याचे ओझे वाटत नाही, उलट मनापासून करावेसे वाटते. म्हणून मी बोटात अंगठीसारखे अडकवायचे ते मोजणीयंत्र आणले आणि सुरुवात केली. बाराव्या दिवशी भाजी चिरून झाल्यावर माझ्या लक्षात आले की माझा अंगठा यंत्राची कळ दाबतो आहे, आकडा दोनशे चौदाच्या पुढे गेला आहे आणि मी मनात गॅसच्या नंबराचा विचार करते आहे. नाम तोंडात नव्हते आणि मनातही नव्हते. संख्या मात्र वाढत होती.

तेव्हापासून तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जप मोजावा की मोजू नये? दुसऱ्याचा राहिलेला जप आपण पूर्ण करता येतो का? आणि त्या दोनशे चौदांचे काय करायचे?

हरिपाठी

माणगंगाताई, राम कृष्ण हरि.

आम्ही वारकरी. आमच्या गळ्यात तुळशीची माळ असते, पण ती ओढण्यासाठी नसते. घरात संध्याकाळी हरिपाठ होतो. आजोबा, वडील आणि आता माझी मुले म्हणतात, आणि आजवर किती हरिपाठ झाले हे आमच्याकडे कोणी लिहून ठेवलेले नाही. ज्ञानोबारायांनी पहिल्याच अभंगात ‘हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा । पुण्याची गणना कोण करी’ असे म्हटले आहे. रोज हे म्हणायचे आणि नंतर वही उघडून एकूण मांडायचे, हे मला तरी जमले नसते.

तुमच्या सासूबाईंविषयी मनात आदरच आहे, गैरसमज नसावा. परंतु नणंदबाई जे ‘राहिले’ म्हणतात, ते नेमके कोणाकडे राहिले आहे? देवाकडे उधारीची वही असेल असे मला वाटत नाही.

आकडेमोड

मी निवृत्त लेखापाल आहे, त्यामुळे मला दुसरे काही सुचत नाही, क्षमस्व.

रोज तेरा माळा, म्हणजे १,३०० या दराने ८,३५,७०० जपाला ६४३ दिवस लागतील. एका माळेला पाच मिनिटे धरली तर रोजचा एक तास पाच मिनिटे. हे होण्यासारखे आहे.

पण मूळ हिशेबातच एक मुद्दा आहे. माळेत मणी १०८ असतात आणि सासूबाईंनी माळेमागे शंभरच धरले आहेत. प्रत्यक्ष उच्चार १०८ झाले असतील, तर ९१,६४,३०० हा आकडा वस्तुतः ९८,९७,४४४ होतो. म्हणजे राहिलेला जप आठ लाख नसून १,०२,५५६ एवढाच आहे, आणि तोही १०८ नेच मोजला तर रोज तेरा माळांप्रमाणे ७४ दिवसांत संपतो. वीस वर्षे त्यांनी स्वतःच्या नावावर कमी जमा दाखवली, असे माझे व्यावसायिक मत आहे.

जुनी_पोथी

आकडेमोड यांचा हिशेब बरोबर आहे आणि तरीही तो लागू होत नाही, हे थोडे विस्ताराने सांगतो.

माळेमागे शंभर धरायचे आणि वरचे आठ सोडून द्यायचे, ही जप करणाऱ्यांची जुनी रीत आहे. उच्चार अडखळतो, जांभई येते, मणी दोनदा ओढला जातो किंवा एक मणी नाम न घेताच सरकतो. अशा चुकांसाठी ते आठ बाजूला ठेवलेले असतात. १०८ ची कारणे आणखीही सांगतात, सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण हे त्यांतले सर्वांना ठाऊक असलेले. परंतु रोजच्या व्यवहारात ‘शंभर जमा, आठ चुकीपोटी’ हीच समजूत चालते. ते आठ मागाहून जमेस धरणे म्हणजे चुका झाल्याच नाहीत असे दुसऱ्याच्या वतीने ठरवणे होय.

आता मोजण्याविषयी. हरिपाठी यांनी सांगितलेली वाट आणि सासूबाईंची वाट यांत भांडण आहे असे मला वाटत नाही, पण त्या दोन वाटा आहेत हे खरे. मोजण्याचे मूळ पुरश्चरणात, म्हणजे ठरावीक संख्येने केलेल्या मंत्रानुष्ठानात, आहे. मंत्राची जितकी अक्षरे तितके लक्ष जप, असा सर्वसाधारण दंडक असतो. गायत्रीची अक्षरे चोवीस, म्हणून तिचे पुरश्चरण चोवीस लक्षांचे, आणि त्यानंतर दशांशाने हवन, त्याच्या दशांशाने तर्पण, मग मार्जन आणि भोजन. हा विधी आहे आणि विधीला संख्या लागते. समर्थांनी नाशिकजवळ टाकळीला नंदिनीच्या काठी बारा वर्षे राहून याच तेरा अक्षरी मंत्राचा तेरा कोटी जप केला असे परंपरा सांगते. तिथेही अक्षरांची संख्या आणि कोटींची संख्या जुळवलेली दिसते. गोंदवल्याचे श्रीब्रह्मचैतन्य महाराज (१८४५ ते १९१३) याच रामदासी धारेतले, त्यामुळे त्यांच्या माणसांच्या घरात तेरा हा आकडा सहज येतो. सासूबाईंच्या तेरा माळा याच ओळीतल्या आहेत.

मनुस्मृतीत मात्र दुसरीच मोजणी आहे. विधियज्ञाहून जपयज्ञ दहापट, ओठ हलतील पण शेजाऱ्याला ऐकू येणार नाही असा उपांशु जप शंभरपट आणि मानसजप हजारपट श्रेष्ठ, असे दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे. म्हणजे संख्येच्या आधी जप कोणत्या प्रकारचा झाला हे विचारले जाते. सासूबाईंची ‘दाढ काढली, मनात केला’ ही नोंद पाहून मला वाटले की आकडेमोड यांनी त्या दिवसाला हजाराने गुणले नाही, हे बरे झाले.

दुसऱ्यासाठी जप करता येतो का? करता येतो. ग्रहशांतीला यजमानाच्या वतीने ब्राह्मण जपाला बसतात. त्यात यजमानाचे नाव, गोत्र आणि काम उच्चारून संकल्प सोडलेला असतो. पण त्यासाठी मूळ संकल्प काय होता हे कळले पाहिजे. म्हणून माझा उलट प्रश्न असा आहे की एक कोटी हा शब्द सासूबाईंच्या हस्ताक्षरात कुठे आहे का? पहिल्या वहीचे पहिले पान पाहून सांगावे.

डोंबिवली_जलद

सकाळच्या गाडीत उभ्याने जप करणारा माणूस म्हणून लिहितो. माळ काढली तर शेजारच्याच्या बॅगेत अडकते आणि यंत्राची टकटक ऐकून लोक वळून बघतात. मला माझ्या मामांनी करमाळ शिकवली आणि गेली नऊ वर्षे तीच वापरतो.

उजव्या हाताची अनामिका घ्यावी. तिच्या मधल्या पेरावर अंगठा ठेवून पहिले नाम, खालच्या पेरावर दुसरे. मग करंगळीच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या पेरावर तिसरे, चौथे, पाचवे. अनामिकेच्या वरच्या पेरावर सहावे, मधल्या बोटाच्या वरच्या पेरावर सातवे आणि तर्जनीवर वरून खाली येत आठवे, नववे, दहावे. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरे म्हणजे मेरू, तिथे अंगठा न्यायचा नाही. दहा झाले की डाव्या हाताचे एक पेर पुढे सरकवायचे.

याचा उपयोग असा की मन भटकले की अंगठाही चुकतो. यंत्राची कळ झोपेतसुद्धा दाबली जाते, पण अनामिकेवरून करंगळीच्या मुळाशी उतरायला थोडे भान लागते. ताईंच्या दोनशे चौदांचे उत्तर मला यातच दिसते.

शंकासुर

धागा वाचतो आहे, म्हणून माझे दोन शब्द. मी नामजप करीत नाही आणि कोणी केला तर माझी हरकतही नाही.

२००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक लहानसा अभ्यास आला होता. तेवीस निरोगी माणसांना लॅटिनमधली मेरीची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणायला लावले, तेव्हा दोन्ही वेळा त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम दिसला. ख्रिस्ती माळ आणि बौद्ध मंत्र यांचा परिणाम सारखाच निघाला, हा त्यातला मला आवडलेला भाग. तेव्हा एका लयीत काहीही पुन्हा पुन्हा म्हटले तर शरीराला बरे वाटत असेल, तर ते आकड्यामुळे नाही आणि नामामुळेही नाही. आठ लाखांची चिंता करण्यासारखे मला त्यात काही दिसत नाही.

जुनी_पोथी

शंकासुर, अभ्यासाविषयी तक्रार नाही. पण ताईंचा प्रश्न श्वासाचा नाही. ‘तज्जपस्तदर्थभावनम्’ असे योगसूत्र आहे. जप म्हणजे त्या नामाच्या अर्थाची भावना करीत राहणे. श्वास सहावर आला आणि भावना गॅसच्या नंबरावर राहिली, तर तुमच्या दृष्टीने काम झाले, ताईंच्या दृष्टीने झाले नाही.

शंकासुर

हा भेद मान्य आहे. आणि गॅसचा नंबर हा अनेक घरांत ध्यानाचा विषय आहे, हेही मान्य.

निंबाळ

आमच्याकडे, म्हणजे गुरुदेव रानडे यांच्या परंपरेत, ‘नेमाला बसणे’ असा शब्द आहे. गुरूंनी दिलेले नाम घेऊन ठरलेल्या वेळी, ठरलेल्या आसनावर, ठरलेला काळ बसायचे. माझ्या आईने आयुष्यभर घड्याळ पाहून नेम केला, पण किती नामे झाली हे ती कधीच सांगू शकली नसती.

तरी मला वाटते की वेळ मोजणे आणि संख्या मोजणे यांत फार अंतर नाही. दोन्हीमध्ये माणूस स्वतःला पळवाट ठेवत नाही. मोजणे पूर्ण सोडलेल्या माणसाचा जप किती लवकर ‘होतो अधूनमधून’ या सदरात जातो, हे मी स्वतःच्या बाबतीत अनुभवले आहे. चार वर्षांपूर्वी मोठ्या तोऱ्यात मी ठरवले की आपण आता अखंड अनुसंधानात, म्हणजे सतत नामाच्या भानात, राहू, बैठकीची गरज नाही. दीड महिन्यात ना बैठक राहिली, ना अनुसंधान. हरिपाठी यांच्या घरी मोजणी नसली तरी रोजची संध्याकाळ ठरलेली आहे आणि घरातली चार माणसे वाट पाहत बसलेली आहेत, हे विसरू नये. मोजणीचे काम तिथे ती माणसे करतात.

सासूबाईंच्या वहीतली शून्ये मला फार आवडली. खोटे लिहायचे असते तर तिथे तेरा लिहिता आले असते, विचारणारे कोणी नव्हते.

हरिपाठी

निंबाळ, बरोबर बोललात. आमच्याकडे एखादा दिवस हरिपाठाला कोणी दिसले नाही तर शेजारच्या आजी ‘बरे नाही का’ म्हणून विचारायला येतात. हीसुद्धा एक प्रकारची वहीच झाली.

नवखी

विषयाला धरूनच एक विचारते. मी गेल्या महिन्यापासून ‘श्री स्वामी समर्थ’ अकरा माळा करते आहे. पाळीच्या चार दिवसांत माळ हातात घ्यावी की नाही, यावर घरात दोन मते आहेत. आजी म्हणतात की चार दिवस खंड पडला तर पडू द्यावा.

हरिपाठी

‘काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं’ असे हरिपाठातच आहे. नामाला सोयर नाही, सुतक नाही आणि तुम्ही विचारता ती अडचणही नाही.

जुनी_पोथी

दीक्षा घेऊन, विधिपूर्वक, संकल्प सोडून केलेल्या मंत्रानुष्ठानाचे नियम वेगळे असतात आणि ते ज्याने मंत्र दिला त्याला विचारावेत. नामस्मरणाला असा निर्बंध नाही. आजींचे मन दुखवायचे नसेल तर माळ देवघरात राहू द्यावी आणि डोंबिवली यांनी सांगितलेली बोटांची पेरे वापरावीत. बोटे काही देवघरात ठेवून येता येत नाहीत.

काणकोण

गोव्यातून लिहितो. आमच्या पर्तगाळच्या मठाची स्थापना १४७५ ची. साडेपाचशे वर्षांच्या निमित्ताने ५५० कोटी रामनामजपाचा संकल्प झाला होता, हे अनेकांनी वाचले असेल. आमच्या घरातही तो जप होत होता. माझ्यासारखा दोन माळांवर कंटाळणारा माणूस त्या काळात नियमित बसला, ते केवळ आपल्या दोन माळा कुठेतरी मिळवल्या जाणार आहेत या भावनेने.

त्यात गंमत अशी की आपला आकडा एकदा सांगितला की तो आपला राहत नाही. माझ्या दोन माळा, बायकोच्या आठ आणि तिच्या आईच्या एकवीस यांची एकच बेरीज पुढे जाते, आणि एकदा ती कोटींत मिसळली की ‘माझे किती’ हा प्रश्नच विचारता येत नाही. माणगंगाताईंना सुचवावेसे वाटते की सासूबाईंच्या एकूण रकान्याखाली तुमची बेरीज लिहू नये. जप करावा आणि तो सासूबाईंच्या नावाने अर्पण करून मोकळे व्हावे.

आकडेमोड

काणकोण यांचे म्हणणे पटले, तरी मला एक खटकते. समर्थांचा तेरा कोटींचा आकडा घ्या. बारा वर्षांचे ४,३८३ दिवस धरले तर रोजचे सुमारे २९,६६० जप होतात. एका जपाला दोन सेकंद दिले तरी रोजचे साडेसोळा तास. मग स्नान, भिक्षा आणि झोप कधी? शिवाय सकाळपासून दुपारपर्यंत ते पाण्यात उभे राहून जप करीत असे म्हणतात, मग उरलेला जप कधी होत असे?

जुनी_पोथी

भिक्षा मागतानाही होत असेल. उलट तुमच्या आकड्यानेच मला ते स्पष्ट दिसते. बैठकीपुरता जप असता तर ही संख्या बसलीच नसती. दासबोधात चौथ्या दशकातला तिसरा समास नामस्मरणाचा आहे आणि त्यात ‘अखंड नाम जपत जावें’ असे आहे. तिथे ठरावीक तासांची गोष्ट नाही. ज्याला ते साधले त्याची मोजणी इतरांनी मागाहून केलेली असावी, असे मी समजतो.

माणगंगा

सर्वांचे आभार. जुनी_पोथी यांनी सांगितल्याप्रमाणे रविवारी पहिली वही उघडली.

पहिल्या पानावर हळदीकुंकवाचे बोट आहे आणि खाली एवढेच लिहिले आहे, ‘श्रीराम. गुढीपाडवा. आजपासून रोज तेरा माळा. संख्या महाराजांच्या पायाशी.’ कोटीचा उल्लेख नाही. मग मी सगळ्या वह्या पानोपान चाळल्या. सातव्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला पेन्सिलीने केलेले गणित सापडले. वर एक कोटी, खाली तोपर्यंतचे एकूण, वजाबाकी, मग तेराशेने भागाकार आणि उत्तराचे दिवस. दिवसांना ३६५ ने भागून वर्षे काढलेली आहेत आणि त्यापुढे त्यांनी स्वतःचे त्या वर्षीचे वय लिहून बेरीज मांडली आहे. त्या संपूर्ण गणितावर पेनाने तिरकी रेघ मारलेली आहे. रेघ इतकी जोरात ओढली आहे की पुठ्ठा कोरला गेला आहे.

यजमानांना ते पान दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “आई बाजाराच्या यादीवरसुद्धा अशीच रेघ मारायची, सामान आणून झाल्यावर.” ती रेघ संकल्प सोडल्याची, चिडल्याची की काम झाल्याची, हे आता विचारायला कोणी नाही. नणंदबाईंना छायाचित्र पाठवले. त्यांचे उत्तर आले की एक कोटी हा शब्द त्यांनी आईच्या तोंडून ऐकला होता, पण ‘झाले तर’ असेही आई पुढे म्हणाली होती.

निंबाळ

पुढच्या वह्यांत काही फरक दिसतो का?

माणगंगा

दिसतो. सातव्या वहीनंतर ‘एकूण’ हा रकाना रोज भरलेला नाही. महिन्याअखेरीस एकदाच बेरीज आहे आणि काही महिन्यांत तीही पुढच्या महिन्याबरोबर केली आहे. माळांचा रकाना मात्र रोजचा आहे.

जुनी_पोथी

मग ताई, माझ्या मते उत्तर त्यांनीच देऊन ठेवले आहे. ‘रोज तेरा माळा’ हा संकल्प आणि तो ज्या फाल्गुनापर्यंत देह होता त्या फाल्गुनापर्यंत चालला. अपुरे काही राहिलेले नाही. तुम्हाला जप करायचा असेल तर तो तुमचा स्वतःचा म्हणून, स्वतःच्या संकल्पाने करावा, आणि तेराच माळा हव्यात असेही नाही.

आकडेमोड

मला अजूनही वाटते की त्या माळेमागच्या आठांचा विचार व्हायला हवा होता. १०८ ने धरले तर त्या कोटीच्या अगदी दारात होत्या, हे नणंदबाईंना कळले तर त्यांना बरे वाटेल.

माणगंगा

आकडेमोडकाका, तुमचा हा प्रतिसाद वाचून आज सकाळी मी सासूबाईंची माळ गोमुखीतून, म्हणजे जपाच्या पिशवीतून, काढून उजेडात धरली. गेले वर्षभर ती देवघरात तशीच होती, आणि जपासाठी मी यंत्र आणले होते, त्यामुळे तिला हात लावायची वेळ आली नव्हती. तुळशीची माळ आहे, मणी झिजून गुळगुळीत आणि काळपट झाले आहेत, मेरुमण्याचा गोंडा गेला आहे. दोन ठिकाणी पांढऱ्या सुताला काळा दोरा जोडून गाठ मारलेली आहे, म्हणजे माळ किमान दोनदा तुटली असणार आणि घरीच ओवली गेली असणार.

मणी मोजले. मेरू सोडून एकशे तीन भरले. विश्वास बसेना म्हणून यजमानांकडून पुन्हा मोजून घेतले, तेवढेच आले.

तेव्हा एका माळेचे १०८ धरता येणार नाहीत. शंभर मात्र धरता येतात.

मी उद्यापासून याच माळेवर सकाळी तीन माळा करणार आहे. यंत्र मुलाने त्याच्या दोरीच्या उड्या मोजायला नेले आहे. एकच विचारायचे राहिले, हे पाच मणी घालून माळ पुन्हा ओवून घ्यावी की आहे तशी राहू द्यावी?

आकडेमोड

९८,९७,४४४ हा आकडा मी मागे घेतो. मूळ नोंद बरोबर आहे.

डोंबिवली_जलद

सूत जीर्ण झाले असेल तर ओवून घ्या, नाहीतर उरलेले मणीही घरभर होतील. पंढरपूरला मंदिराच्या वाटेवर तुळशीच्या माळा ओवून देणारे बसतात, तुमच्या घरून कोणी वारीला जात असेल तर त्याच्याकडे द्या. फक्त मणी एकशे तीनच ठेवायला सांगा. तो माणूस नको म्हणेल, पण सांगून पाहा.

हरिपाठी

आषाढीला आमची दिंडी फलटणवरून जाते. दहिवडीपासून फलटण फार दूर नाही. माळ आणून द्या, मी नेतो, आणि ओवणाऱ्याशी वादही मीच घालतो.